मांजराचा श्वास

लहान मुलांना योग शिकवणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी जुलैमध्ये माझ्या पहिल्या तासाला यायला हवं होतं. दिल्लीतल्या एका शाळेचा तिसरीचा वर्ग. वज्रासनात बसा म्हटलं तर निम्मी मुलं शेजाऱ्याच्या पायावर बसली. एकाने विचारलं, “मॅम, इससे हाइट बढ़ती है?” एकीला वॉशरूमला जायचं होतं, आणि तिला जायचं म्हटल्यावर सगळ्यांनाच जायचं होतं. डोळे मिटा म्हटलं तर जो तो फटीतून बघत होता, शेजाऱ्याने मिटलेत की नाही. घरी येऊन मी चहाचा कप आपटला आणि नवऱ्याला सांगितलं, “उद्यापासून मी जाणार नाही.”

गुणवंत, म्हणजे माझा नवरा, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अधिकारी आहे. कुठल्याही गोष्टीवर लगेच मत द्यायची त्याला सवय नाही. फाईल थोडी मुरू द्यायची आणि मग बोलायचं. रात्रीचं जेवण होईपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, “ट्रायल बेसिसवर जाऊन बघ ना अजून थोडे दिवस.” म्हणून मी गेले.

आम्ही लग्नानंतर दिल्लीत आलो आणि इथेच द्वारका भागात घर घेतलं. सोसायटीच्या क्लबरूममध्ये बायकांना योग शिकवता शिकवता माझी पन्नाशी आली. योग मी पुण्याला माहेरी शिकले, एका फार कडक बाईंकडे. बाई हातात लाकडी पट्टी घेऊन रांगांमधून फिरायच्या. मारली कधीच नाही, नुसती पाठीला टेकवायच्या की पाठ आपोआप ताठ. मी पट्टीऐवजी तळहात टेकवते, एवढाच फरक. बाईंचं म्हणणं असायचं की श्वास ऐकू आला म्हणजे तो नीट घेतलेला नाही. मी ते डोळे झाकून मान्य केलं होतं. मला बाईंची भीतीच तेवढी वाटायची.

तर या मुलांना तो श्वास शिकवायचा कसा? विचार करकरून मला एक खेळ सुचला. मी वर्गाला सांगितलं, “तुम सब बिल्लियाँ हो. रसोई में दूध रखा है. बगल के कमरे में दादी लेटी है और दादी के कान बहुत तेज हैं. साँस की जरा भी आवाज आई, तो दूध गया!” दादी अर्थात मी. मी मुलांकडे पाठ करून बसायचे आणि ज्याचा श्वास ऐकू येईल त्याचं नाव घ्यायचे. तास संपताना ज्याचा श्वास सगळ्यात शांत, तो ‘आज की बिल्ली’. त्याने पुढच्या तासाला माझ्या चटईवर, माझ्याशेजारी, वर्गाकडे तोंड करून बसायचं.

काय जादू झाली म्हणून सांगू! जी मुलं मिनिटभर गप्प बसत नव्हती, ती पोटातून लांब श्वास घ्यायला लागली आणि खोलीत पंख्याशिवाय काही ऐकू येईना. मुख्याध्यापिका भल्ला मॅडम एकदा दारात उभ्या राहून बघून गेल्या. “हेमलता जी, यू आर मॅजिक,” त्या म्हणाल्या. त्या दिवशी मी घरी येऊन कप आपटला नाही. उलट गुणवंतला भजी तळून दिली.

स्वानंदी याच वर्गात होती. आमच्या मागच्या टॉवरमध्ये ती लोकं राहतात. तिची आई रेवती कस्तुरबा गांधी मार्गावर एका सरकारी कार्यालयात आहे. वडील मानस मानेसरला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. उजाडताच कंपनीच्या बसने गेलेला माणूस अंधार पडल्यावर परत. म्हणजे पोरीचं सगळं रेवतीवर. दिल्लीत मराठी माणसाला मराठी माणूस भेटला की पाच मिनिटांत नातं लावून मोकळे होतात, तशी मी रेवतीची ताई झाले आणि पोरीची मावशी. शाळेत मात्र ‘मॅम’, आणि तेही हिंदीत. त्यात स्वानंदी कधी चुकायची नाही.

पोरीला दमा होता. रेवतीने शाळेच्या पहिल्याच आठवड्यात मला लिफ्टजवळ गाठून सगळं सांगितलं. सकाळ-संध्याकाळ घ्यायचा रोजचा एक पंप. आणि धाप लागलीच तर घ्यायचा निळा पंप, तो दप्तराच्या पुढच्या कप्प्यात. डॉक्टरांनी योगाला हो म्हटलं होतं, पंप चालू ठेवून. “ताई, तुमच्या भरवशावर पाठवते हं,” ती म्हणाली. भरवसा म्हटलं की मला मूठभर मांस चढतं. “अगं, माझ्या डोळ्यांसमोर असेल ती, काळजी सोड,” मी म्हटलं.

पोरगी चणीने बारीक, पुढचा एक दात पडलेला, आणि बोलण्यात माझ्या वरताण. क्लबरूममध्ये एकदा मी तिला म्हटलं, “शवासनात उताणी झोपायचं.”

“उताणी मतलब?”

“पाठीवर.”

“मग पाठीवर बोला ना, मावशी.”

सुरुवातीला मांजराच्या खेळात हिचं नाव रोज निघायचं. श्वास सोडताना शेवटी अगदी बारीक शीळ यायची. मी तिला वगळायला हवं होतं का? मी वगळलं असतं तर तिने मला सोडलं नसतं, इतकी ती ईर्षेने बसायची. नाव घेतलं की नाक फुगवायची आणि पुन्हा सरसावून बसायची. घरी पांघरुणात शिरून प्रॅक्टिस करते, असं रेवतीने हसत हसत सांगितलं. हळूहळू शीळ कमी झाली, मग ऐकू येईनाशी झाली. दसऱ्याच्या आधी स्वानंदी ‘आज की बिल्ली’ झाली आणि मग ती जागा तिने सोडलीच नाही. माझ्याशेजारी मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून, डोळे मिटून बसायची. मी रेवतीला सांगितलं, “तिच्यासारखा श्वास अख्ख्या वर्गात कुणाचा नाही.” एकदा नाही, दोनदा सांगितलं.

आमच्या इथल्या मराठी मंडळाची दिवाळी पहाट असते. गाणी, फराळ, नव्या साड्या. गाणी संपल्यावर सूत्रसंचालन करणाऱ्या वासंतीवहिनींनी विचारलं, कुणाला काही सांगायचंय का? आणि रेवती उठून माइकपाशी गेली. ही एरवी चार लोकांत तोंड न उघडणारी बाई. “आमच्या स्वानंदीला दमा आहे, सगळ्यांना माहीत आहे,” ती म्हणाली. “म्हणजे होता. आता तिचे दोन्ही पंप सुटले. पूर्ण बंद! फक्त योग. फक्त आमच्या हेमलताताई.” टाळ्या पडल्या. वासंतीवहिनींनी मला उभं केलं, पोरीलाही उभं केलं, पुन्हा टाळ्या. मी हात जोडले. अंगावर मूठभर मांस चढलं, पण ते ‘पूर्ण बंद’ काही कानातून जाईना.

फराळाच्या टेबलाशी मी रेवतीला बाजूला घेतलं. “बंद म्हणजे? डॉक्टरांनी सांगितलं?”

“अहो ताई, लागतच नाही तिला. दसऱ्यापासून एकदा धाप नाही, खोकला नाही. झोपताना मी छातीला कान लावून बघते ना. बिल्कुल आवाज नाही.”

“ते पंपामुळेच नसेल कशावरून? रोजचा पंप आपल्या मनाने बंद करायचा नसतो, रेवती.”

“किती दिवस त्या पंपाच्या नादी लागायचं?” तिचा चेहरा उतरला. “सासूबाई प्रत्येक फोनवर ऐकवतात, पोरीला पंपाची सवय लावलीस म्हणून. आज पहिल्यांदा कुणीतरी टाळ्या वाजवल्या हो. आणि तुम्हीच तर म्हणालात ना, तिच्यासारखा श्वास कुणाचा नाही?”

“निदान निळा तरी दप्तरात असू दे.”

“ठेवते हो, ताई.”

तेवढ्यात वासंतीवहिनी आपले गुडघे घेऊन आल्या. मग एकीची पाठ आली, एकीच्या मुलाचं वाहणारं नाक आलं. मी चकली मोडत सगळ्यांना सल्ले देत बसले. आणि खरं सांगते, मला ते आवडत होतं.

घरी येताना गुणवंतने सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाला, “डॉक्टरांच्या फाईलवर आपण शेरा मारायचा नसतो.”

“मी कुठे मारला? मी तिला उलट समजावलं.”

“तू मारला नाहीस. पण खाली सही तुझी दिसतेय.”

मला असा राग आला! तो खरं बोलला की मला नेहमीच येतो. दुसऱ्या दिवशी मी रेवतीला फोन केला. डॉक्टरांकडे जाऊन ये, मी सोबत येते, म्हटलं. ती म्हणाली, शाळेचा अॅन्युअल डे झाला की जाऊ. आत्ताच जा, मी म्हटलं. त्यावर ती अगदी थंड आवाजात म्हणाली, “ताई, आई मी आहे.” मी फोन ठेवला आणि मनाशी ठरवलं, की वर्गात मी स्वतः रोज कान देऊन ऐकेन. माझ्या कानांवर माझा पूर्ण विश्वास होता.

दिवाळीनंतर दिल्लीची हवा व्हायची तशीच झाली. सकाळी खिडकी उघडली तर समोरचा टॉवर गायब. घशात जळल्यासारखी चव. सरकारने लहान मुलांच्या शाळा बंद केल्या आणि योगासकट सगळं ऑनलाइन आलं. कुणाच्या घरी कुकरची शिट्टी, कुणाचा कुत्रा, म्हणून मी सगळ्यांना म्यूटवर ठेवायचे. स्क्रीनवर मुलांचे छोटे छोटे चौकोन. त्यात स्वानंदी इतकी स्थिर बसलेली असायची की मला वाटायचं, इंटरनेट अडकलं. “सब लोग स्वानंदी को देखो,” मी सांगायचे. सगळे बघायचे. मीसुद्धा बघायचे.

हवा जराशी सुधारली, शाळा उघडली आणि भल्ला मॅडमच्या अंगात आलं. अॅन्युअल डेला शाळेची सगळी लहान मुलं पांढऱ्या कपड्यांत मैदानावर योग करणार, वरून ड्रोन फोटो काढणार, आणि शेवटी माझा मांजराचा श्वास. इतकी मुलं आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता! मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन भांडले. “मॅडम, टीव्हीवर डॉक्टर सांगतायत घराबाहेर पडू नका, आणि आपण मुलांना मैदानात उभं करून सांगायचं, लंबी साँस लो?” त्या म्हणाल्या, चीफ गेस्टना आमंत्रण गेलंय. मी म्हटलं, मग चीफ गेस्टनाच बसवा मैदानात, मी शिकवते त्यांना. आवाज बाहेर क्लार्कपर्यंत गेला. शेवटी त्यांनी माघार घेतली आणि कार्यक्रम हॉलमध्ये ठरला. मी अशी ऐटीत बाहेर पडले, की जणू एकटीने दिल्लीची हवा साफ केली. मुलांच्या छातीची काळजी घेणारी मी एकटीच शहाणी, असं त्या दिवशी मला मनापासून वाटत होतं.

रंगीत तालीम झाली तो दिवस गारठ्याचा होता. हॉलच्या खिडक्या गच्च बंद. शिपायांनी स्टोअरमधून जुन्या सतरंज्या काढून आणल्या आणि तिथेच झटकून अंथरल्या. धूळ दिव्यांखाली तरंगत होती. मी तक्रार केली, तोवर मुलांच्या रांगा आत आल्या होत्या. स्टेजवर माझी चटई आणि तिच्यावर स्वानंदी. पांढरी सलवार-कमीज, घट्ट दोन वेण्या. मला बघून तिने ओठ न उघडताच हसू दाखवलं. पडलेल्या दाताची लाज वाटत असेल, असं मला वाटलं.

ताडासन झालं, वृक्षासन झालं. एक पोरगा धडपडला आणि अख्खी रांग हसली. मग मी माइकवर म्हटलं, “अब बिल्लियाँ दूध पीने जाएँगी.” हॉल शांत होत गेला. भल्ला मॅडम मागे हात बांधून उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मी माइक ठेवला, रांगांमधून फिरत कुणाच्या पाठीला हात लावत, कुणाची मान सरळ करत परत स्टेजकडे आले.

खालून वर बघताना मला स्वानंदीचा गळा दिसला. चेहरा शांत, डोळे मिटलेले, ओठ मिटलेले. पण दर श्वासाला गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. खोल आत, अगदी बोटाचं पेर मावेल इतका. नाकपुड्या फुगत होत्या. खांदे वर खेचलेले होते, ते मी इतके दिवस ‘ताठ पाठ’ म्हणून नावाजत होते. मी पायऱ्या चढून गेले आणि तिच्या पाठीवर तळहात ठेवला. आमच्या जुन्या फ्रिजच्या दाराला हात लावला की आतली मोटर हाताला लागते, तशी तिची पाठ हाताला लागली. कानाला काहीच ऐकू येत नव्हतं.

“स्वानंदी. तोंड उघड, बाळा. मोठ्याने श्वास घे.”

तिने डोळे न उघडता मान हलवली. नाही.

“स्वानंदी!”

तिने डोळे उघडले. ओठांच्या कडा निळसर झाल्या होत्या. “मॅम,” एकेक शब्द तोडत ती म्हणाली, “मी... आवाज... नाही करत आहे ना.”

शाळेत ती माझ्याशी मराठीत पहिल्यांदाच बोलली.

पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मी ओरडले. दप्तर आणलं गेलं. पुढच्या कप्प्यात हेअरबँड निघाले, अर्धं बिस्कीट निघालं, निळा पंप नव्हता. नर्सच्या खोलीत मलमपट्ट्या होत्या, बर्फाच्या पिशव्या होत्या, पंप नव्हता. भल्ला मॅडमनी, ज्यांच्याशी मी एवढी भांडले होते, स्वतः गाडी काढली आणि लाल सिग्नल तोडून हॉस्पिटल गाठलं. मागच्या सीटवर पोर माझ्या मांडीत ताठ बसली होती. झोपवत नव्हतं तिला. मी सारखी म्हणत होते, आवाज कर गं, होऊ दे आवाज. ती माझ्याकडे संशयाने बघत होती. मी दादी होते ना. माझा भरवसा कोण धरणार!

हॉस्पिटलमध्ये तिला लगेच आत घेतलं. तोंडावर मास्क, त्यातून औषधाची वाफ, हाताला सुई. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने स्टेथोस्कोप लावला आणि भुवया चढवल्या. “कब से चल रहा है ये?”

“आज सुबह तक तो ठीक थी,” मी म्हटलं.

“आज सुबह का नहीं है ये, मॅम. पसलियाँ देखिए, कैसे खिंच रही हैं. कई दिन से तकलीफ में है बच्ची. आपको पता नहीं चला?”

पहिलं औषध संपून दुसरं लावायच्या मधल्या वेळात स्वानंदीला जरा बोलता यायला लागलं. पडद्याआड आम्ही दोघीच होतो. मी तिच्या केसांवरून हात फिरवत विचारलं, “कधीपासून त्रास होतोय गं?”

“दिवाळीपासून.”

“मग बोलली का नाहीस कुणाला?”

ती थोडा वेळ दम खात राहिली. मग म्हणाली, “मम्मीने माइकवर सांगितलं ना, की पंप सुटला. सगळ्यांनी क्लॅप केलं. तुमच्यासाठी पण केलं.” पुन्हा दम खाल्ला. “झोपताना मम्मी कान लावते. तेव्हा मी बिल्ली करते. ती गेली की मग उठून बसते. बसून येतो श्वास.”

हे तिने मला तक्रार म्हणून सांगितलं नाही. एखादी अवघड गोष्ट जमली की मुलं जशी सांगतात, तसं सांगितलं. मला रडू फुटलं आणि मी ते दाबलं, कारण ती बघत होती. दाबताना माझ्या लक्षात आलं, की मीही आवाज न करता रडतेय.

रेवती आली ती मेट्रो स्टेशनपासून पळतच आली असावी. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच, एका खांद्यावरून ओढणी जमिनीवर लोळत होती. मानस मानेसरहून निघाला होता, हायवेवर अडकला होता. रेवतीने पोरीला धरलं, कपाळाचे, हाताचे मुके घेतले. डॉक्टर आली आणि तिने सरळ विचारलं, “दवा बंद करने को किसने बोला था?”

रेवतीने माझ्याकडे बघितलं.

मी चिडले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणीसुद्धा मी चिडले. माझ्याकडे सगळं तयार होतं. लिफ्टपाशी काय बोलणं झालं, फराळाच्या टेबलाशी मी काय बजावलं, फोनवर ती मला काय म्हणाली. एकेक मांडलं असतं तर तिला उत्तर सुचलं नसतं. पण मास्कच्या वरून स्वानंदीचे डोळे आधी तिच्या आईकडे गेले, मग माझ्याकडे, मग पुन्हा आईकडे. कोण जिंकतंय ते ती बघत होती.

“हम दोनों ने,” मी डॉक्टरांना म्हटलं.

डॉक्टरने आम्हाला दोघींनाही झाडलं. चांगलंच झाडलं आणि आम्ही ऐकून घेतलं. अजून उशीर झाला असता तर काय, हे तिने स्पष्ट सांगितलं. आता भरती करावं लागेल, पुढचे काही तास कसे जातात ते बघू, मग ठरवू, असं म्हणून ती दुसऱ्या पेशंटकडे गेली. रेवती स्टुलावर बसली. मी कॉटच्या पलीकडे उभी राहिले. एकमेकींकडे बघायचं आम्ही टाळत होतो. मास्कमधून वाफेची फुसफुस तेवढी चालू होती.

थोड्या वेळाने ती वाफही संपली. नर्सने मशीन बंद केलं आणि ती औषध आणायला गेली. मास्क तोंडावर तसाच होता. रेवती वाकली, नेहमीच्या सवयीने पोरीच्या छातीला कान लावायला गेली, पण मॉनिटरच्या वायरी मध्ये आल्या. मग तशीच मास्कजवळ कान नेऊन ऐकत राहिली. तिचा चेहरा एकदम सैल झाला.

“ताई,” ती म्हणाली. भांडण विसरून, अगदी आशेने म्हणाली. “छातीत आवाज नाही बघा आता. लागू पडलं औषध.”

मी स्वानंदीच्या गळ्याकडे बघितलं. खळगा आत जात होता. तितकाच खोल. ओठ मास्कच्या आत घट्ट मिटलेले होते आणि नजर आईच्या चेहऱ्यावर होती.

“रेवती,” मी म्हटलं, “ती बिल्ली करतेय.”

“काय करतेय?”

“आवाज दाबतेय. तुझ्यासाठी. रोज झोपताना दाबते तसा. मी शिकवलाय तिला.”

रेवती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूहळू तिला कळत गेलं आणि ते कळताना मला तिच्या तोंडाकडे बघवेना. मी वाकून पोरीला म्हटलं, “स्वानंदी, दादी गेली. खेळ संपला. दूध तुझंच. आता आवाज कर.”

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती आईकडेच बघत होती. मला वाटलं, रेवती रडायला लागेल आणि मग ही पोर काही तोंड उघडायची नाही. पण रेवतीने ओढणीने चेहरा पुसला, पोरीचा सुई लावलेला हात नीट उचलून आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, “कर बाळा. मला ऐकायचंय.”

स्वानंदीने ओठ उघडले. आधी एक शीळ आली, मग तिच्यामागून घरघर, आणि मग छाती कापत येणारा एक लांब कर्कश आवाज. तो इतका मोठा होता, की पलीकडच्या कॉटवरच्या बाईने पडदा सारून आत बघितलं. नर्स पळत आली. रेवतीचा हात तोंडाकडे जात होता, तो तिने खाली आणला. श्वासामागून श्वास, तो आवाज येतच राहिला. आम्ही दोघी पोरीच्या दोन बाजूंनी तो ऐकत होतो.